आर्डमन स्टुडिओचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉलेस आणि त्याचा कुत्रा ग्रॉमिट ऐकून माहीत असतात, शॉन नावाचा मेंढा लहान मुलांना तोंडपाठ असतो, पण ही सगळी मंडळी एकाच स्टुडिओतून आली आहेत हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. मातीच्या पुतळ्यांच्या चित्रपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या आर्डमन ॲनिमेशन्सबद्दल पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच होतं. काही एका ओळीत आटोपली आहेत.

आर्डमन कोणी सुरू केला आणि कधी?

पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या दोन शाळासोबत्यांनी, १९७२ मध्ये. लंडनजवळच्या वोकिंगच्या शाळेत दोघं एकत्र होते. डेव्हिडचे वडील बीबीसीत निर्माते होते, त्यामुळे पोरांच्या हाती १६ मिमीचा बोलेक्स कॅमेरा लागला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅमेरा रोखायचा, खडूने चित्र काढायचं, एक फ्रेम घ्यायची, चित्राचा थोडा भाग पुसून नवा काढायचा, पुन्हा एक फ्रेम. कंटाळा आला की मासिकांतली चित्रं कापून ती टेबलावर सरकवत बसायचं. धंदा वगैरे डोक्यात नव्हता.

त्या काळात बीबीसीवर 'व्हिजन ऑन' नावाचा कार्यक्रम लागायचा. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी तो होता, त्यामुळे त्यात बोलणं कमी आणि चित्रं जास्त. या कार्यक्रमाने दोघांचा एक छोटासा तुकडा विकत घेतला. त्यात एक वेंधळा सुपरहिरो होता, त्याचं नाव आर्डमन. पैसे आले म्हणजे बँकेत खातं उघडणं आलं, आणि खात्याला नाव हवं. त्यांनी त्या सुपरहिरोचंच नाव लावलं. गंमत अशी की हा आर्डमन मातीचा नव्हताच, कागदी कार्टूनसारखा हाताने रेखाटलेला होता.

मग माती कुठून आली?

आधी एक खुलासा. आपण सवयीने 'माती' म्हणतो, पण ते प्लॅस्टिसीन असतं. त्यात तेल असल्यामुळे ते वाळत नाही, तडकत नाही, आणि एकच पुतळा दिवसभर हजार वेळा वाकवता येतो. बाथ शहरातल्या विल्यम हार्बट या कलाशिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते तयार केलं. बाथ ते ब्रिस्टल अंतर किरकोळच.

लॉर्ड आणि स्प्रॉक्स्टन प्लॅस्टिसीनकडे वळले त्यामागे व्यवहार होता. रेखाटलेल्या ॲनिमेशनमध्ये त्यांच्याहून सरस चित्रकार ढिगाने होते. मातीत काम करणारे ब्रिटनमध्ये जवळपास कोणी नव्हतं. रिकाम्या मैदानात उतरलं की निदान धक्काबुक्की होत नाही.

ब्रिस्टलच का?

बीबीसीचं मोठं केंद्र तिथे होतं आणि 'टेक हार्ट' हा मुलांचा चित्रकलेचा कार्यक्रम तिथून निघत होता. शिक्षण आटोपून दोघं १९७६ मध्ये ब्रिस्टलला आले आणि तिथलेच झाले. १९९० च्या दशकात गॅस फेरी रोडवर, केळ्यांच्या एका जुन्या वखारीत, स्टुडिओने बस्तान बसवलं. आज मुख्य इमारत त्याच रस्त्यावर आहे. मोठ्या चित्रपटांचं चित्रीकरण शहराबाहेरच्या ॲझ्टेक वेस्ट भागातल्या प्रचंड शेडमध्ये होतं.

मॉर्फ कोण?

स्टुडिओचं पहिलं गाजलेलं पात्र. 'टेक हार्ट'चा सूत्रसंचालक टोनी हार्ट टेबलाशी बसून चित्रं काढायचा आणि त्याच टेबलावर वीतभर उंचीचा, विटकरी रंगाचा हा मातीचा माणूस उच्छाद मांडायचा. लाकडी पेटीत राहायचा, गोळा होऊन गडगडत जायचा, तोंडाने नुसतं गिजबिज करायचा. वर्ष १९७७. पुढे त्याला चॅस नावाचा फिकट रंगाचा उपद्व्यापी जोडीदार मिळाला आणि १९८० च्या सुमारास दोघांची स्वतंत्र मालिका आली.

ब्रिटनमधल्या एका पिढीचा त्याच्यावर किती जीव आहे ते २००९ मध्ये दिसलं. टोनी हार्ट गेल्यावर काही आठवड्यांनी लोक घरून मॉर्फचे पुतळे बनवून लंडनच्या टेट मॉडर्न कलादालनाबाहेर जमले. २०१३ मध्ये मॉर्फच्या नव्या भागांसाठी स्टुडिओने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ७५,००० पौंडांचं आवाहन केलं, तर त्याहून जास्त रक्कम जमली.

खऱ्या माणसांच्या बोलण्यावर त्यांनी चित्रपट केले, हे खरं का?

खरं आहे. माझं मत विचाराल तर आर्डमनचा मोठा शोध हाच. प्लॅस्टिसीन कोणीही वापरलं असतं.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बीबीसीसाठी त्यांनी 'ॲनिमेटेड कॉन्व्हर्सेशन्स' या नावाखाली दोन लघुपट केले. त्यातल्या 'डाउन अँड आउट'साठी साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या निवाऱ्यात ध्वनिमुद्रण केलं होतं. एक म्हातारा जेवण आणि झोपायला जागा मागायला आलाय आणि खिडकीमागचा माणूस त्याला नियम सांगतोय, एवढीच गोष्ट. दोघंही खरे, संवाद कोणी लिहिलेला नाही. बोलताना माणसं अडखळतात, वाक्य अर्धवट सोडतात, मधेच गप्प होतात. ते सगळं तसंच ठेवून त्यावर मातीची माणसं हलवली. म्हातारा कोटाची बाही चाचपतो, नजर चुकवतो. हे ध्वनिफितीत नव्हतं. ॲनिमेटरने ऐकता ऐकता ते शोधून काढलं.

त्या काळात मातीचं ॲनिमेशन म्हणजे लहान पोरांची करमणूक, असा सरसकट समज होता. मॉर्फचे निर्मातेच एकीकडे पोरांना हसवत होते आणि दुसरीकडे बेघर म्हाताऱ्याचा संकोच पडद्यावर आणत होते. १९८२ मध्ये सुरू झालेल्या चॅनेल ४ ने ही वाट ओळखली आणि याच पद्धतीचे आणखी पाच लघुपट मागवले. एक तुरुंगातून सुटून देखरेखीखाली राहणाऱ्या माणसाचा, एक दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याचा, अशी ती मालिका होती. दशकाच्या शेवटी 'लिप सिंक' या नावाने आणखी पाच लघुपट आले. त्यातला एक होता 'क्रीचर कम्फर्ट्स'.

'क्रीचर कम्फर्ट्स'मध्ये एवढं विशेष काय?

पाच मिनिटांचा लघुपट, दिग्दर्शक निक पार्क. सामान्य लोकांना त्यांच्या घराबद्दल, राहणीबद्दल, प्राणिसंग्रहालयाबद्दल प्रश्न विचारले आणि ती उत्तरं पिंजऱ्यातल्या प्राण्यांच्या तोंडी घातली. एका दुकानदार कुटुंबाचं बोलणं ध्रुवीय अस्वलांना मिळालं. वृद्धाश्रमातल्या बाई तक्रार न करता तक्रार करतात, तशी एक प्राणीही करतो. सगळ्यात लक्षात राहतो तो मोठ्या मांजरकुळातला एक प्राणी. त्याचा आवाज इंग्लंडमध्ये शिकायला आलेल्या एका ब्राझिलियन विद्यार्थ्याचा. इथे थंडी फार, जागा कमी, आमच्या देशात मोकळं असतं, ही त्याची कैफियत. मूळ बोलणं खोली आणि जेवणाबद्दलचं. मागे सळया आल्या की अर्थ पालटतो.

१९९१ च्या समारंभात याला सर्वोत्तम लघु ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. त्याच विभागात निक पार्कचाच 'अ ग्रँड डे आउट' नामांकित होता, म्हणजे गडी स्वतःशीच हरला.

निक पार्क हा आर्डमनचा संस्थापक आहे का?

नाही, पण हा गैरसमज फार पसरलेला आहे. पार्क १९५८ साली प्रेस्टनमध्ये जन्मला. बीकन्सफील्डच्या राष्ट्रीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी विद्यालयात शिकत असताना १९८२ मध्ये त्याने पदवीसाठी एक लघुपट हाती घेतला. वॉलेस नावाचा माणूस आणि त्याचा कुत्रा ग्रॉमिट, घरातलं चीज संपलं म्हणून रॉकेट बांधून चंद्रावर जातात, ही कथा. काम संपता संपेना. १९८५ मध्ये लॉर्ड आणि स्प्रॉक्स्टन यांनी त्याला ब्रिस्टलला बोलावलं. स्टुडिओची कामं कर, उरल्या वेळात आपला चित्रपट पुरा कर, असा तो व्यवहार. 'अ ग्रँड डे आउट' शेवटी १९८९ मध्ये पुरा झाला. लांबी २३ मिनिटं, काळ सात वर्षं.

इथे संस्थापकांना श्रेय द्यायला हवं. दुसऱ्याचा अपुरा चित्रपट आपल्या छपराखाली घेणं, आणि तोही वर्षानुवर्षं, हे हिशेबी माणसाचं काम नव्हे.

ग्रॉमिट का बोलत नाही?

सुरुवातीला तो बोलणार होता. त्याही आधी तो मांजर होता. मातीत कुत्रा घडवणं सोपं, म्हणून कुत्रा झाला. वॉलेसचंही नाव आधी जेरी होतं. ग्रॉमिट हे नाव पार्कच्या इलेक्ट्रिशियन भावाच्या बोलण्यातून आलं, तारा जिथून जातात त्या भोकात बसवायच्या रबरी कडीचं.

पहिल्याच दिवसांत एक प्रसंग चित्रित करायचा होता. वॉलेस दार कापतोय आणि ते दार ग्रॉमिटच्या पाठीवर टेकवलंय. पुतळा अशा अडचणीत अडकलेला की तोंडापर्यंत हात पोचेना. ओठ हलवायचे कसे? पार्कने नुसती भुवई हलवून पाहिली. डोळ्यांवरची ती मातीची कड किंचित वर नेली की कुत्रा वैतागला, मध्यभागी खाली दाबली की चिंतेत पडला, एका बाजूने उचलली की मालकाच्या अकलेवर त्याचा भरवसा उरलेला नाही हे कळलं. तोंडाची गरजच संपली.

पुढे 'द राँग ट्राउझर्स'मध्ये फेदर्स मॅकग्रॉ हा पेंग्विन आला, त्याला तर भुवयाही नाहीत. दोन काळे मणी, एक चोच. तो मान किती अंशात आणि किती सावकाश वळवतो एवढ्यावर त्याचा दुष्टपणा उभा आहे. स्टीव्ह बॉक्स या ॲनिमेटरने त्याला हलवलं. मोठमोठ्या खलनायकांना आरडाओरडा करून जे साधत नाही ते हा पेंग्विन नुसता उभा राहून साधतो.

'स्लेजहॅमर'शी आर्डमनचा काय संबंध?

ब्रिटिश गायक पीटर गेब्रियलच्या या गाण्याच्या १९८६ च्या व्हिडिओचं ॲनिमेशन ब्रिस्टलला झालं. दिग्दर्शक स्टीव्हन जॉन्सन, आणि आर्डमनसोबत क्वे बंधू हे ॲनिमेटरही होते. गेब्रियलला काचेच्या तक्त्याखाली सोळा तास पडून राहावं लागलं आणि त्याच्या चेहऱ्यावर एकेक फ्रेम घेतली गेली. नाचणाऱ्या दोन कोंबड्या निक पार्कच्या वाट्याला आल्या. त्या खऱ्या होत्या, सोललेल्या, बिनडोक्याच्या, आणि स्टुडिओच्या प्रखर दिव्यांखाली ठेवलेल्या. वासाची कल्पना ज्याने त्याने करावी. १९८७ मध्ये या व्हिडिओला एमटीव्हीचे नऊ पुरस्कार मिळाले आणि आर्डमनकडे जाहिरातींची रांग लागली.

इतक्या वेळखाऊ कामातून घर कसं चालायचं?

जाहिरातींवर. लुरपाक लोण्याच्या जाहिरातीतला ट्रॉम्बोन वाजवणारा डग्लस आणि वीज वापरून घर गरम ठेवा असं सांगणारे बोलके प्राणी ब्रिटनमध्ये घराघरांत पोचले. या कामांनी पगार निघत, नवे ॲनिमेटर तयार होत आणि लघुपटांना मोकळीक मिळे. आता मोठा आधार मालिकांचा आणि पात्रांच्या परवान्यांचा आहे. खेळणी, कपडे, प्रदर्शनं, उद्यानं यांवर शॉनचा चेहरा जगभर दिसतो.

एका दिवसात किती काम होतं?

एका ॲनिमेटरकडून साधारण दोन सेकंद. दिवस चांगला गेला तर थोडं जास्त. पडद्यावर एका सेकंदाला २४ फ्रेम जातात. बहुतेक वेळा एक ठेवण दोन फ्रेमपुरती धरतात, म्हणजे सेकंदाला १२ ठेवणी. धावपळीच्या किंवा कॅमेरा फिरण्याच्या दृश्यात २४ च्या २४ वेगळ्या लागतात.

हे करताना प्रत्यक्षात काय घडतं ते पाहा. पुतळ्याच्या आत धातूचा सांगाडा असतो, सांधे किंचित घट्ट ठेवलेले, म्हणजे हात सोडला तरी कोपर पडत नाही. ॲनिमेटर हात मिलिमीटरभर सरकवतो, वॉलेसचं तोंड काढून पुढच्या अक्षराचं तोंड बसवतो, सांधा बोटाने लिंपतो, मागे सरतो, फ्रेम घेतो. दिव्यांच्या उष्णतेने माती मऊ पडते, धूळ चिकटते, बाहीचा धक्का लागला की सेट हलतो. म्हणून मोठ्या चित्रपटाला कित्येक सेटवर एकाच वेळी काम चालतं. एकच सेट धरून बसलं तर दहा वर्षं पुरणार नाहीत.

बोटांचे ठसे पुसता येतात, पण मुद्दाम सगळे पुसत नाहीत. वॉलेसच्या गालावर ते बारकाईने पाहिल्यास दिसतात.

'द राँग ट्राउझर्स'मधला रेल्वेचा पाठलाग कसा केला?

या तीस मिनिटांच्या लघुपटाला १९९४ चं ऑस्कर मिळालं, आणि आजही कोणी आर्डमनचं एकच दृश्य दाखवायला सांगितलं तर हेच दाखवतात. पेंग्विन खेळण्यातल्या आगगाडीवर, मागे दुसऱ्या गाडीवर ग्रॉमिट, आणि रूळ संपत आल्यावर तो खोक्यातून नवे रूळ काढून धावत्या गाडीपुढे टाकत जातो. स्टॉप-मोशनची, म्हणजे पुतळा जरा जरा हलवून एकेक फ्रेम घेण्याच्या पद्धतीची, अडचण अशी की प्रत्येक फ्रेम स्थिर असते, त्यामुळे वेग खरा वाटत नाही, नुसती थरथर दिसते. उपाय म्हणून कॅमेरा गाडीबरोबर ठेवला आणि शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवून तेवढ्यात मागची भिंत सरकवली. पुतळे स्वच्छ, भिंत पुसट, आणि गाडी सुसाट. संगणक कुठेही नाही.

हॉलिवूडशी त्यांचं काय बिनसलं?

पहिला चित्रपट तर झकास गेला. 'चिकन रन' २००० साली आला, लॉर्ड आणि पार्क दोघांनी मिळून दिग्दर्शित केला, हॉलिवूडचा ड्रीमवर्क्स स्टुडिओ आणि पाथे ही चित्रपट कंपनी यांच्या सहकार्याने. कोंबड्यांच्या गळ्यात रुमाल आणि माळा आहेत त्या हौसेपोटी नव्हेत. अंग सिलिकॉनचं, डोकं प्लॅस्टिसीनचं, आणि मधला सांधा झाकायला रुमाल. या चित्रपटाने जगभरात २२ कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. स्टॉप-मोशन चित्रपटांत आजही तो कमाईत पहिला आहे.

त्याआधीच, १९९९ मध्ये, ड्रीमवर्क्सशी अंदाजे २५ कोटी डॉलरांचा आणि अनेक चित्रपटांचा करार झाला होता. इथून कुरबुर सुरू झाली. ससा-कासवाच्या शर्यतीवरचा चित्रपट हाती घेतला, पण पटकथा जुळेना आणि २००१ मध्ये काम थांबवावं लागलं. २००५ मध्ये वॉलेस आणि ग्रॉमिटचा 'द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट' आला. त्याला पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं, पण अमेरिकेत अपेक्षेइतका चालला नाही. तिथल्या प्रेक्षकांना इंग्लिश भाज्या कळणार नाहीत म्हणून एका मोठ्या भोपळावर्गीय भाजीचं तिथल्या आवृत्तीत खरबूज करून टाकलं. गोष्ट किरकोळ वाटेल, पण दोन्ही बाजूंचा स्वभाव त्यात दिसतो.

२००६ चा 'फ्लश्ड अवे' हा शेवटचा घाव. कथा लंडनच्या गटारांत घडते, सगळीकडे पाणी. एवढं पाणी आणि प्लॅस्टिसीन एकत्र नांदणं अवघड, म्हणून अख्खा चित्रपट संगणकावर केला. खर्च वारेमाप झाला आणि ड्रीमवर्क्सला दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम तोट्यात दाखवावी लागली. २००७ च्या जानेवारीत काडीमोड जाहीर झाला.

त्यानंतर काय केलं?

सोनीबरोबर दोन चित्रपट: 'आर्थर ख्रिसमस' संगणकावर, २०११ मध्ये, आणि २०१२ मध्ये समुद्री चाच्यांवरचा स्टॉप-मोशन चित्रपट. चाच्यांच्या तोंडांचे हजारो तुकडे त्रिमितीय छपाईने बनवले होते. याच चित्रपटाच्या झलकीत कुष्ठरुग्णांवर एक विनोद होता. कुष्ठरोगाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांनी हरकत घेतली आणि स्टुडिओने तो प्रदर्शनाआधी बदलला. योग्य केलं, विनोद तसाही बेताचाच होता.

मग स्टुडिओकॅनालबरोबर शॉनचे दोन चित्रपट आणि २०१८ चा 'अर्ली मॅन' आला. 'अर्ली मॅन' थंड गेला. नेटफ्लिक्ससाठी २०२१ मध्ये 'रॉबिन रॉबिन' झाला, त्यातले पक्षी आणि उंदीर लोकरीच्या नमद्याचे आहेत. २०२३ मध्ये 'चिकन रन'चा दुसरा भाग आला.

शॉन आला कुठून?

१९९५ च्या 'अ क्लोज शेव्ह'मधून, जिथे तो ग्रॉमिटच्या मागे लागणारं एक कोकरू होता. हा लघुपटही ऑस्कर घेऊन आला. २००७ मध्ये रिचर्ड स्टारझॅकच्या पुढाकाराने शॉनची मालिका बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर सुरू झाली. एकही संवाद नाही. शेतकरीदेखील नुसता पुटपुटतो. संवाद नसल्यामुळे भाषांतराचा खर्च नाही, ओठ जुळवण्याचा वेळ वाचतो, आणि मालिका दीडशेहून अधिक देशांत जशीच्या तशी विकली गेली. खऱ्या माणसांचं बोलणं ऐकत वाढलेल्या स्टुडिओने जगभर पैसा कमावला तो गप्प मेंढ्यावर. पण ऐकण्याची सवय तीच. मूक पात्राला कधी थांबायचं हे कळावं लागतं.

२००५ च्या आगीत काय गेलं?

१० ऑक्टोबर २००५ ला पहाटे ब्रिस्टलच्या टेम्पल मीड्स स्थानकाजवळच्या गोदामाला आग लागली. तीस वर्षांचे सेट, पुतळे, सामान तिथे ठेवलं होतं. त्यातलं बहुतेक सगळं राख झालं. नव्या चित्रपटाचे सेट त्या गोदामात नव्हते म्हणून वाचले. दैव कसं पाहा, त्याच सुमारास 'वेअर-रॅबिट' अमेरिकेत कमाईत पहिल्या क्रमांकावर आल्याची बातमी होती.

निक पार्कची प्रतिक्रिया तेव्हा बरीच गाजली. दोनच दिवसांपूर्वी काश्मीर आणि पाकिस्तानात भीषण भूकंप झाला होता, त्यापुढे आमचं नुकसान फार मोठं नाही, असा त्याचा सूर होता. त्याआधी १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सीत तो वॉलेस आणि ग्रॉमिटचे मूळ पुतळे विसरला होता. तेव्हा मात्र शोधाशोध झाली आणि ते परत मिळाले.

चीजच्या कारखान्याला त्यांनी वाचवलं, ही दंतकथा का?

अगदी दंतकथा नाही. वॉलेसला वेन्सलीडेल चीज प्रिय आहे, आणि पार्कने ते निवडलं ते उच्चारताना वॉलेसचं तोंड दातांसकट छान ताणलं जातं म्हणून. यॉर्कशरमधल्या हॉझ गावची ते बनवणारी डेअरी तेव्हा अडचणीत होती, हे त्याला ठाऊकही नव्हतं. चित्रपटांमुळे मागणी वाढली. डेअरी आज चालू आहे.

माती संपल्यामुळे स्टुडिओ बंद पडणार होता म्हणे?

ती अफवा. वॉलेस आणि ग्रॉमिटसाठी वापरायचं न्यूप्लास्ट हे खास प्लॅस्टिसीन डेव्हनमधला एक छोटा कारखाना बनवायचा. मालक निवृत्त होताना २०२३ मध्ये तो बंद झाला. त्यावरून आर्डमनकडे एकाच चित्रपटापुरती माती उरली, अशा बातम्या फिरल्या. स्टुडिओने लगेच सांगितलं की साठा पुरेसा आहे आणि पुढच्या मातीची तजवीज सुरू आहे. एवढं मात्र खरं की कुठलंही प्लॅस्टिसीन चालत नाही. दिव्यांखाली आकार धरणारं, रंग न सोडणारं आणि बोटाला फार न चिकटणारं लागतं.

आता मालक कोण?

कर्मचारी. लॉर्ड आणि स्प्रॉक्स्टन यांनी २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ७५ टक्के भाग कर्मचाऱ्यांच्या विश्वस्त निधीकडे सोपवले. एखाद्या बड्या कंपनीला विकून रग्गड पैसा करता आला असता. परक्याच्या पैशाने काम केल्यावर काय होतं याचा अनुभव त्यांनी घेतलेला होता, त्यामुळे हा निर्णय मला अजिबात आश्चर्याचा वाटत नाही.

आजवर ऑस्कर किती?

चार: 'क्रीचर कम्फर्ट्स', 'द राँग ट्राउझर्स', 'अ क्लोज शेव्ह', 'वेअर-रॅबिट'. नामांकनं याहून कितीतरी जास्त.

वॉलेसचा आवाज बदललाय का?

हो. सुरुवातीपासून तो आवाज पीटर सॅलिस यांचा होता. ते २०१७ मध्ये गेले. आता बेन व्हाइटहेड तो देतो आणि फरक पटकन कळत नाही.

'कोरलाइन' आणि 'पिंगू' आर्डमनचेच ना?

नाहीत. 'कोरलाइन' अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या लायका स्टुडिओचा. 'पिंगू' मूळचा स्वित्झर्लंडचा.

कुठून पाहायला सुरुवात करावी?

'क्रीचर कम्फर्ट्स' आधी पाहा, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. मग 'अ ग्रँड डे आउट', त्यातला ओबडधोबडपणा सोसून, कारण तिथे ग्रॉमिटची भुवई पहिल्यांदा हलते. त्यानंतर 'द राँग ट्राउझर्स' आणि 'चिकन रन'. मोठ्यांसाठी 'डाउन अँड आउट', मिळाला तर. २०२४ च्या ख्रिसमसला बीबीसीवर आलेला 'व्हेन्जन्स मोस्ट फाउल' शेवटी ठेवा, आणि 'द राँग ट्राउझर्स' न पाहता तर तो लावूच नका. नाहीतर प्राणिसंग्रहालयात डांबलेला एक पेंग्विन नुसती मान वळवतो आणि शेजारी बसलेले का दचकले ते तुम्हाला कळणार नाही.